सतराशे वीसचा डाग

महाजनांनी पत्रात एकच अट घातली होती:
रथाला खिळ्याएवढंही छिद्र पडता कामा नये.
आधी एकजण आला होता म्हणे, गिरमीट घेऊन.
त्याला सोलकढी पाजली
आणि दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं.

म्हणून मी. शिरोड्याच्या आतल्या वाड्यावर,
पत्र्याच्या खोपीत, दोन हॅलोजन दिवे, एक रूळ,
आणि तांबड्याच्या पलीकडचं पाहणारा कॅमेरा.
रथ चाकांशिवाय ठोकळ्यांवर उभा,
इस्पितळात धोतर काढून ठेवलेल्या माणसासारखा अवघडलेला.

फोंडू मेस्त दारात बसून. वय अठ्ठ्याहत्तर.
"कितल्याचो?" हनुवटी कॅमेऱ्याकडे.
मी आकडा सांगितला.
त्यानं उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलं, सरळ केलं,
ज्याच्या सांध्यानं त्यानं साठ वर्षं
फणसाला, किंदळाला, सागवानाला
ठक् ठक् करून विचारलं होतं: आत कोण?

आधी पांढरी फरशी दाखवायची कॅमेऱ्याला, म्हणजे सगळा प्रकाश किती ते कळतं.
मग भिंगावर झाकण, म्हणजे काळोख किती.
"आनी मदलें सगळें ताका आपशींच कळटा?"
कळत नाही, म्हटलं. मोजता येतं.
तो हसला नाही, पण पुढे सरकून बसला.

रंगवलेली बाजू मी घेतलीच नाही.
आतली घेतली, उघड्या लाकडाची,
जिथं मोर नाहीत, वेल नाहीत, फक्त रंध्याच्या खुणा.
कॅमेरा रुळावरून मुंगीच्या चालीनं.
खालच्या पट्टीत ओल: चौदाशे पन्नास नॅनोमीटरवर
पाणी प्रकाश पिऊन टाकतं, तिथं चित्र काळवंडतं.
अपेक्षित होतं. पत्रा गळतो.

चौथी फळी मात्र.
सतराशे वीसपाशी आलेखात एक दरी,
सागवानात इतकी खोल नसते.
तेल. लाकडात मुरलेलं, जुनं.
"मेस्त, हिला काही लावलं होतं?"

बाहेर जनरेटर खोकत राहिला.

मग म्हणाला, जत्रेच्या आदल्या रात्री फळी उभी फुटली.
वखार बंद. सागवान नाही.
तो चालत खाडीवर गेला, सुकूर पिंगाराकडे.
होडी पालथी पडली होती. उंडीची.
सुकूरनं विचारलं नाही कशाला.
म्हणाला, वरची घे, खालच्यांना किडो लागला.
रात्रभर रंधा मारला तरी वास जाईना
तारल्यांच्या तेलाचा.
मग धूप जाळला, पहाटेपर्यंत, पाव किलो.
"भटाक दिसलें, मेस्त भक्त जालो."

त्रेपन्न वर्षं देव त्या फळीला पाठ टेकून फिरतो आहे.

"घालतली तूं रिपोर्टांत?"

मी त्याला खरं तेवढं सांगितलं:
हा प्रकाश लाकडात काही मिलीमीटरच जातो.
त्याच्या आतलं मला माहीत नाही.
तो उठला, गुडघा धरून, आणि ओळीनं वाजवत गेला.
एक. दोन. तीन. चार.
"ही मात्शी उशिरां उलयता. आयक."
मी कान लावला. मला चारही सारख्याच वाटल्या.

रिपोर्टात लिहिलं:
फळी क्रमांक चार, जात वेगळी. ओल तेरा टक्के. कीड नाही.
बदलू नये.
तेलाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच,
आणि मी तो आखला नाही.

दिवे विझवणार, तेवढ्यात त्यानं हात पुढे केला,
कॅमेऱ्याखाली, पालथा, सांधा वर करून.
"हाचेंय पळय."
पडद्यावर पंजा आला, कोळशासारखा काळा,
बोटांच्या टोकांपर्यंत.
हे काय, त्यानं विचारलं.
पाणी, मी म्हटलं. सगळं पाणीच.

"म्हणजे अजून वाळलों ना," फोंडू मेस्त म्हणाला,
आणि हात धोतराला पुसला.